‘इंदियाना’

किंमत मी उगाच विचारली होती. घ्यायची नव्हती, परवडणारी नव्हती, आणि घेतली असती तरी इटलीत, बोलोन्यातल्या भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर ती नेऊन ठेवणार कुठे? पण जुन्या बाजारात नुसतं बघत उभं राहिलं की आपण फुकटे वाटतो, म्हणून काहीतरी विचारायचं. फिक्या हिरव्या रंगाची, लांबट अंगाची लॅम्ब्रेटा स्कूटर होती. रंग नुकताच दिलेला, ऊन पडलं की डोळे मिटावेत इतका चकचकीत. तिचा मालक कॉफी प्यायला कुठेतरी गेला होता. शेजारच्या गाळ्यावर एक आजोबा घडीच्या खुर्चीत बसून चाकूने पीच कापत होते. त्यांनीच चाकू हवेत आडवा हलवला. “नो, नो, सिन्योरा. क्वेस्ता ए इंदियाना.” ही इंडियन आहे. नादी लागू नका. बोलण्यात तुच्छता नव्हती, उलट काळजी होती. मे महिन्यात मंडईत एखादी अनोळखी बाई हळूच कोपर लावून सांगते ना, “ताई, हा देवगड नाही हं, कर्नाटकी आहे,” तसा तो सूर. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. रंग पाहिला, कपाळावरची टिकली पाहिली. चाकू थांबला. “स्कूझी,” म्हणाले, आणि काय करावं ते न सुचून पीचची एक फोड चाकूच्या टोकावर माझ्यापुढे धरली. मी ती खाल्ली. पीच फार गोड होतं, हेही सांगायला हवं.

त्यांनी माफी मागितली नसती तर मी तिथल्या तिथे विसरून गेले असते.

औषधाच्या गोळ्यांची पाकिटं बनवणाऱ्या यंत्रांच्या कामासाठी कंपनीने मला तीन महिने बोलोन्याला धाडलं होतं. त्या पट्ट्यात ही यंत्रं बनवणारे कारखाने इतके आहेत, की आपल्याकडे एखाद्या गावात सगळेच सोनार असावेत तसं वाटतं. सप्टेंबरातला रविवार होता. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, इमोलाला रेसच्या सर्किटवरच जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा बाजार भरतो, जाऊन ये. गेले, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात आल्यासारखंच वाटलं. फरक इतकाच की इथे पायाखाली कुंभारवेशीचा चिखल नव्हता, जगप्रसिद्ध डांबर होतं. केळ्यांच्या खोक्यांत देलोर्तोचे कार्बोरेटर रचलेले. दोरीवर पेट्रोलच्या टाक्या अशा टांगलेल्या, की वाटावं खाटकाचं दुकान. सतरंजीवर मांडलेले वेलियाचे स्पीडोमीटर, सगळ्यांचे काटे शून्यावर, एकाचा मात्र चाळीसवर अडकलेला. त्या चाळीसवाल्याला मी बराच वेळ बघत होते. हवेत एरंडेल जळल्याचा वास. हो, एरंडेलच. रेसच्या जुन्या गाड्यांत ते तेल घालत, अजूनही हौशी लोक घालतात. लहानपणी नाक दाबून प्यायलेल्या चमच्याचा आणि धुराचा तो मिश्र वास आला आणि एकदम पोटात कालवल्यासारखं झालं. भाव करायची तऱ्हाही तीच. वस्तू हातात घ्यायची, नाक मुरडायचं, ठेवून दहा पावलं चालायचं आणि हाक यायची वाट बघायची.

त्या ‘इंदियाना’नंतर मात्र माझं बघणं बदललं. आधी मी हौसेने बघत होते, आता संशयाने बघायला लागले. प्रत्येक गाडीला मनातल्या मनात विचारत होते, तू गं कुठली?

पहिली भेटली ती कुच्चोलो. कुच्चोलो म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. सायकलच्या पायडलजवळ बसवायचं ४८ सीसीचं इवलंसं इंजिन. सायलेन्सरमधून बारीक भुंकल्यासारखा आवाज येतो म्हणून हे नाव. ज्या गाळ्यावर ते होतं तिथल्या माणसाने ते खरोखर पिल्लासारखंच फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. हेच दुकातीचं पहिलं दुचाकी-अपत्य. आज ज्या दुकातीच्या लाल गाड्यांचे फोटो पोरं भिंतीवर लावतात, ती कंपनी १९२६ मध्ये बोलोन्यात सुरू झाली तेव्हा रेडिओचे सुटे भाग बनवत असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये बोर्गो पानिगालेचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं तेव्हा लोकांकडे पैसे नव्हते, पेट्रोल नव्हतं, रस्ते फुटलेले, आणि कामाला तर जायचंच होतं. तेव्हा दुकातीने हे पिल्लू बनवायला घेतलं. पण ते तिचं स्वतःचं नव्हतं. ते आखलं होतं तोरिनोच्या अल्दो फारिनेल्लीने, आणि सुरुवातीला तिथल्या सियाता नावाच्या कंपनीने ते आणलं होतं. दुकातीचं पहिलं मूल दत्तक होतं, असं म्हणायला हरकत नाही. मी त्या माणसाला विचारलं, चालतं का? त्याने फडकं जरा बाजूला करून फ्लायव्हील बोटाने फिरवलं. आतून टिचकी वाजल्यासारखा आवाज आला. “चालेल,” तो म्हणाला, “सायकल तुम्ही आणा.”

मग मला छंदच लागला. एमव्ही अगुस्ताची लाल-चंदेरी गाडी दोरखंडाच्या आत उभी होती, देवळातल्या मूर्तीसारखी, तिच्याभोवती चपला काढल्यासारखे लोक. हिने ५०० सीसीची जागतिक अजिंक्यपदं १९५८ ते १९७४ अशी सलग सतरा वर्षं घरी आणली, त्यातली सात ओळीने एकट्या जाकोमो अगोस्तिनीने. पण अगुस्ता मुळात विमानवाले. युद्धानंतर विमानं बनवायची सोय राहिली नाही म्हणून मोटारसायकलींकडे वळले. आणि पुढे १९५२ पासून हेलिकॉप्टर बनवायला लागले ते अमेरिकेच्या बेल कंपनीच्या परवान्यावर. परवाना! हा शब्द आठवला आणि मी हसलेच. म्हणजे काउंट दोमेनिको अगुस्तांनाही कुणाचा तरी नकाशा पुढ्यात ठेवून काम करावं लागलं होतं. आणि बेनेल्ली सेई? सहा सिलिंडर, दोन्ही बाजूंना तीन-तीन सायलेन्सर, एखाद्या चर्चमधला पायपांचा ऑर्गन आडवा करावा तशी. मी तरी इतकी श्रीमंती एका गाडीत कधी पाहिली नाही. तिच्या सिलिंडरचं माप ५६ आणि पिस्टनच्या चालीचं ५०.६ मिलिमीटर. होंडाच्या चार सिलिंडरवाल्या ५०० ची मापं काढून बघा. तीच, दशांशासकट. चाराचे सहा केले. जाणकार हे हसून सांगतात, लपवत कुणी नाही. पण त्या गाडीला कुणी चाकू हलवत “जापानेझे” म्हटल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

इथे जरा दमाने घेते, कारण माझी चिडचिड बोलतेय हे मलाही कळतंय.

कारण ज्या डांबरावर मी उभी होते तिथेच २३ एप्रिल १९७२ ला जे झालं, ते नुसतं नकलेने होत नाही. दोनशे मैलांची शर्यत, जगातले सगळे मोठे स्वार आलेले, एमव्ही घेऊन अगोस्तिनी स्वतः. मोठ्या इंजिनांच्या शर्यतीत दुकातीचं तोवर फारसं नाव नव्हतं. त्यांना एक स्वार हवा होता, म्हणून इंग्लंडला पॉल स्मार्टच्या घरी फोन गेला. तो अमेरिकेत होता. त्याच्या बायकोने त्याला न विचारताच हो म्हणून टाकलं. मला हा प्रसंग कुठल्याही इंजिनापेक्षा आवडतो. स्मार्ट पहिला आला, ब्रूनो स्पाज्जारी दुसरा, दोघेही ७५० सीसीच्या दुकातीवर. ते इंजिन फाबियो तालियोनीचं, तो तर इथला शेजारच्या लुगो गावचा. इंजिनातली झडप उघडते कॅमने आणि बंद होते स्प्रिंगने, हे आपण कॉलेजात शिकतो. वेग फार वाढला की स्प्रिंगला दम पुरत नाही, झडप मिटायच्या आत पुढचा फेरा येतो. तालियोनीने स्प्रिंगवर विसंबणं सोडलं. झडप उघडायला एक कॅम, मिटायला दुसरा. दार लावणारा माणूसच नेमला म्हणा ना. ही कल्पनाही त्याची पहिली नव्हे, मर्सिडीजच्या रेसच्या मोटारीत १९५४ मध्येच ती होती. पण मर्सिडीजने ती सोडून दिली आणि हा माणूस आयुष्यभर तिला धरून बसला. आता ती कुणाची? जन्म देणाऱ्याची की सांभाळणाऱ्याची? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर कृष्णजन्मापासून ठरलेलं आहे.

दुपारी उन्हात कुणीतरी एक फाल्कोने सुरू केली आणि आसपासची सौदेबाजी थांबली. मोतो गुत्सी. कोमो सरोवराच्या काठी मान्देल्लो गावात १९२१ मध्ये सुरू झालेला कारखाना. युद्धात विमानदलात असलेल्या दोस्तांनी मिळून ठरवलेला, त्यातला तिसरा दोस्त जोव्हान्नी राव्हेल्ली १९१९ मध्ये विमान अपघातात गेला, म्हणून टाकीवर पंख पसरलेला गरुड. फाल्कोने १९५० ची. ५०० सीसीचा एकच सिलिंडर, तोही आडवा झोपलेला, आणि बाहेरच्या बाजूला उघडं गरगरणारं भलं थोरलं फ्लायव्हील. आवाज इतका सावकाश की ठोके मोजता येतात. धप. धप. धप. मधल्या जागेत एक श्वास घेऊन होतो. मी डोळे मिटले तर कराडजवळ मामाच्या मळ्यात होते. विहिरीवरचं ऑइल इंजिन, तसंच बाहेर फिरणारं चाक, तसाच दम धरून चाललेला ठोका, पाटात येणारं पाणी. मोटारसायकल ऐकून मला ऊस आठवला हे त्या मालकाला सांगायची फार इच्छा झाली, पण माझी इटालियन भाषा उसापर्यंत पोचत नव्हती.

रात्री बाबांना फोन केला. साताऱ्यात रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले, पण ते जागे असतात. सगळं रंगवून सांगितलं, चाकू, पीच, स्कूझी. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, “मग बरोबरच बोलला की तो. इंडियन गाडीला इंडियन म्हणायचं नाही तर काय?” मी म्हटलं, अहो बाबा, आपली प्रियासुद्धा मुळात इटालियनच होती, व्हेस्पाची बहीण. त्यावर ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “कोण म्हणतं? ती सातारची होती.”

आणि खरंच, आमच्या घरात तिला इटालियन कुणी कधी म्हटलंच नव्हतं. बजाजने १९६० मध्ये इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली, १९७१ मध्ये तो करार संपला, पुढे साताऱ्यात सरकारी महामंडळ आणि बजाज यांनी मिळून कारखाना काढला आणि तिथून प्रिया बाहेर पडायला लागली. हे मला फार उशिरा, इंजिनिअरिंगला असताना कळलं. आमच्या आळीतले दोघे-तिघे त्या कारखान्यात होते. आमची गाडी आपल्याच हातून गेली असणार असं त्यातल्या प्रत्येकाला वाटे आणि बाबा प्रत्येकाला तसं वाटू देत. आई वैतागली की म्हणायची, “संध्याकाळ झाली, आले का तुम्ही अन् तुमची प्रिया?” मी पुढे उभी राहायचे, बाबांच्या दोन हातांच्या मध्ये, आणि डाव्या मुठीवरचे गिअरचे आकडे माझ्या डोळ्यांसमोर वर-खाली फिरायचे. आकडे मी शाळेत नाही, तिथे शिकले.

एक चित्र मात्र इटलीत आल्यावर नव्याने उलगडलं. खंबाटकीत पंक्चर झालं होतं. आम्ही लग्नाला निघालेलो, बाबा पांढऱ्या शर्ट-पँटमध्ये, आईची पैठणी. बाबांनी स्टेपनी काढली, चार-पाच नट सोडवले, पुढचं चाक बाजूने अलगद काढून दुसरं लावलं, रुमालाला हात पुसले. दहा मिनिटं. शर्टावर डाग नाही. मोटारसायकलवाला तिथे मातीत बसला असता, साखळीच्या ग्रीसमध्ये कोपरापर्यंत. व्हेस्पा आखणारा कोर्रादिनो दास्कानियो हेलिकॉप्टरचा माणूस. त्याला मोटारसायकली आवडतच नसत. घाण करतात, साखळी कपड्यांना लागते, चाक काढायचं म्हणजे शिक्षा, हे त्याचं म्हणणं. म्हणून त्याने इंजिन झाकलं, साखळी काढून टाकली, चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं आणि पुढचं-मागचं एकसारखं केलं. १९४६ ची गोष्ट, पोन्तेदेराच्या पडक्या विमान कारखान्यातली. मोटारसायकलचा राग करणाऱ्या एका माणसाने तस्कानीत बसून जे ठरवलं, त्यामुळे खंबाटकीत माझ्या बापाचा शर्ट पांढरा राहिला. हे लिहिताना हसू येतं, पण त्या आजोबांनी चाकू हलवला तेव्हा मला जे लागलं ते बहुधा या शर्टाच्या बाजूने लागलं.

आता त्या आजोबांची बाजू. ते चूक नव्हते, हे मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारल्यावर कळलं. लॅम्ब्रेटाची कथा तर व्हेस्पाहून विलक्षण आहे. इन्नोचेन्ती हे लोखंडी नळ्यांचे कारखानदार, मिलानच्या लाम्ब्राते भागातले. १९४७ पासून त्यांनी ही स्कूटर काढली. आपल्याकडे मुंबईत भांडुपला तिची जुळणी होत असे, जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इन्नोचेन्तीने स्कूटर बंद केली आणि भारत सरकारच्या कंपनीने यंत्रं, साचे, हक्क, सगळंच उचलून लखनौला आणलं. म्हणजे ज्या साच्यातून मिलानची गाडी निघाली, त्याच साच्यातून लखनौची. पुढे आपल्याकडच्या जुन्या स्कूटरी कंटेनर भरभरून युरोपात परत जायला लागल्या, कारण तिकडे हौसेला मोल होतं. इथवर छान. पण त्यातल्या कितीतरी गाड्या गंजलेल्या पत्र्यावर बोटभर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून, वर जाड रंग थापून पाठवल्या जात. दोन पावसाळ्यांत पत्रा पापडासारखा सोलतो. चौकटीला कुठे जोड दिलाय ते रंगाखाली दिसत नाही, आणि वळणावर कळतं. त्या बाजारात ‘इंदियाना’ म्हणजे देश नव्हे, लांबी. मी स्वतः पुण्यात डेंटिंग-पेंटिंगवाल्याला “लांबी जरा बेताने हं” असं बजावून गाडी देते. मग मला राग कशाचा आला होता? साचा तोच असून नाव बदललं याचा, की लांबीला आपलं नाव पडलं याचा? दोन्हींचा असेल. पहिल्याबद्दल भांडता येतं. दुसऱ्याबद्दल भांडायला तोंड नाही.

परतायच्या आदल्या रविवारी ऑफिसातल्या मैत्रिणीने मला रातिकोझा घाटात नेलं. बोलोन्याहून फिरेन्झेला, म्हणजे फ्लॉरेन्सला, जाणारा जुना डोंगररस्ता, माथ्यावर एक हॉटेल, आणि रविवारी तिथे मोटारसायकलवाल्यांची जत्रा. पसरणी घाटात पावसाळ्यात कणीसवाल्यांपाशी जमते तशीच, फक्त कणसाच्या जागी मांस भरलेल्या पोळ्या. जुन्या गाड्या होत्याच. एक नारिंगी लाव्हेर्दा पाहिली, शेतीची अवजारं करणाऱ्या घराण्याची, तिचा आवाजही ट्रॅक्टरवर रुसलेल्यासारखा. पण कडेला एका विशीच्या पोराची नवीकोरी अप्रिलिया उभी होती. आरएस ४५७. दोन सिलिंडर, अंगावर लाल-काळे पट्टे, नाक पुढे काढलेलं. मी तिच्याभोवती एक फेरी मारली. पोरगा टाकीवर हात ठेवून उभा होता, नवी म्हैस दावणीला बांधल्यावर माणूस उभा राहतो तसा. “बेल्ला?” सुंदर आहे ना, त्याने विचारलं. मी म्हटलं, “बेल्लिस्सिमा. बघू?” आणि हँडलच्या मानेपाशी वाकले. इटलीत बनलेल्या गाडीचा चेसिस नंबर झेडने सुरू होतो. धुळीवरून बोट फिरवलं. पहिलं अक्षर एम.

ओठांवर आलं होतं. नो, नो, क्वेस्ता ए... अगदी आजोबांच्याच सुरात. त्याला माहीत होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. “बेल्लिस्सिमा,” पुन्हा म्हटलं आणि नंबरचा फोटो काढला. पोराला वाटलं असेल, ही बाई पोलिसांतली आहे.

फोटो बाबांना पाठवला. खाली लिहिलं, “बाबा, ही इटालियन मोटारसायकल. बारामतीत बनते. जगभर तिथूनच जाते.” सकाळी उठून बघते तर उत्तर येऊन पडलं होतं.

“फलटणवरून जायचं. चहा धरून अडीच तास. आलीस की जाऊ.”